प्रश्नपेटी आधी, एचआयव्ही नंतर

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी विज्ञान शिकवते. नववीच्या वर्गात गावची मुलं असतात, धनगरवाड्यावरून चालत येणारी असतात, भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या लमाणी आणि मुसलमान कुटुंबांतली असतात. घरी कोकणी, कन्नड, लमाणी नाहीतर दखनी, शाळेत मराठी. अशा वर्गात एचआयव्ही आणि नातेसंबंध हा विषय घ्यायचा असेल, तर आधी माझी चूक ऐका.

पहिल्या वर्षी कुणीतरी सुचवलं, 'जोखमीच्या वस्तीतल्या मुलांचा वेगळा तास घ्या.' मी घेतला. तास संपल्यावर एका मुलीनं विचारलं, "टीचर, आमकांच कित्याक आपयलें?" (आम्हालाच का बोलावलं?) दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिच्या शेजारी डबा उघडून कुणी बसलं नाही. पुढे आठवडाभर ती शाळेत आली नाही. तेव्हापासून तास अख्ख्या वर्गाचा. त्या मुलांसाठी जास्तीची मेहनत करायची ती वर्गाबाहेर, पालकांपाशी.

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या, पालक-शिक्षक संघापुढे विषय ठेवा. पण रोजंदारीवर जाणारे पालक त्या बैठकीला येत नाहीत. रविवारी संध्याकाळी आपणच वस्तीत जायचं आणि आयांशी वेगळं बोलायचं. एका बापानं मला विचारलं, "हे शिकवून पोरं बिघडली तर?" मी वाद घातला नाही. आदल्या वर्षी मुलांनी प्रश्नपेटीत टाकलेल्या चिठ्ठ्या, कुणाचं अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मी उतरवून घेतलेल्या, त्यांना वाचून दाखवल्या. 'डास चावून एड्स होतो का?' 'एका ब्लेडनं दोघांनी दाढी केली तर?' तिसऱ्या चिठ्ठीला ते म्हणाले, "हे तर मलाही ठाऊक नाही," आणि शेवटपर्यंत बसले.

त्या चिठ्ठ्यांची पेटी हाच सगळ्याचा कणा. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणाला चीर, बस्स. मात्र प्रत्येकानं चिठ्ठी टाकायचीच. प्रश्न नसेल तर कोरी. सगळ्यांना एकाच मापाचे कागद आणि पेन्सिली द्या. निळी शाई कुणाची, हे मुलं लगेच ओळखतात. चिठ्ठ्या वर्गात उघडू नका. घरी नेऊन वाचा, उत्तरं पक्की करा, पुढच्या आठवड्यात सांगा.

एचआयव्हीची माहिती एका तासात बसते. तो पसरतो असुरक्षित शरीरसंबंधातून, एकच सुई दोघांनी वापरल्यानं, बाधित रक्त चढवल्यानं आणि आईकडून बाळाला. एकत्र जेवल्यानं, मिठी मारल्यानं, एक संडास वापरल्यानं नाही. डासाचं कारण नीट सांगा, नाहीतर मुलांना पटत नाही: हा विषाणू डासाच्या पोटात वाढत नाही आणि डास चावताना सोडतो ती लाळ, आधीच्या माणसाचं रक्त नव्हे. ब्लेडबद्दल सांगा की एचआयव्हीचा धोका फार कमी, पण रक्तातून पसरणारी कावीळही असते, म्हणून ब्लेड नवंच हवं. उपचार नसेल तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण 15 ते 45 टक्के असतं. उपचारानं ते 5 टक्क्यांच्या खाली येतं. आणि रोज गोळ्या घेऊन ज्याच्या रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, त्याच्याकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही. हे वाक्य मी फळ्यावर लिहिते. पूर्वी हाडांच्या सापळ्यांची चित्रं दाखवायचे, ती फाडून टाकली. घाबरलेलं मूल तपासणीला जात नाही.

निरोध हा शब्द उच्चारताना आपण अडखळलो की वर्ग हसतो. मी आदल्या रात्री आरशापुढे चार वेळा म्हणून पाहिला होता!

नात्यांना मात्र दोन-तीन तास द्या. इथे व्याख्यान चालत नाही, प्रसंग द्यावे लागतात. 'तो म्हणतो, विश्वास असेल तर मोबाइलचा पासवर्ड दे.' 'तो म्हणतो, फोटो पाठव, नाहीतर बोलणार नाही.' 'मित्र म्हणतात, तिनं नाही म्हटलं म्हणजे हो.' गट करताना एका वस्तीतली मुलं एका गटात येऊ देऊ नका. नाही म्हणायचा सराव मोठ्यानं करून घ्या, आणि नाही ऐकून घ्यायचाही. दुसरा सराव मुलग्यांना जास्त जड जातो. 'दहावीनंतर माझं लग्न ठरलंय' अशी चिठ्ठी दरवर्षी निघते; मुलीचं 18 आणि मुलग्याचं 21 हे कायद्यातलं वय त्याच तासाला सांगते.

पहिल्याच दिवशी आणखी एक सांगून ठेवा. 'तुमची गुपितं मी पोटात ठेवीन, पण कुणी अंगाला हात लावत असेल तर नाही.' मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याखाली अशी गोष्ट कळल्यावर कळवणं शिक्षकालाही बंधनकारक आहे. आधी न सांगता नंतर कळवलं तर मुलाला तो विश्वासघात वाटतो. 1098 हा मुलांसाठीचा आणि 1097 हा एचआयव्हीसाठीचा हेल्पलाइन क्रमांक वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घ्यायला लावते. पत्रकं वाटत नाही. ती घरी लपवावी लागतात आणि सापडली की मार बसतो.

शेवटच्या तासाला डॉमनिक डिसोझा या गोव्यातल्याच तरुणाची गोष्ट. 1989 साली, त्यानं दान केलेल्या रक्ताच्या तपासणीतून त्याला एचआयव्ही असल्याचं कळलं, आणि तेव्हाच्या गोव्याच्या कायद्यानुसार पोलिसांनी त्याला उचलून म्हापशात 64 दिवस डांबून ठेवलं. म्हापसा म्हटलं की मुलांना शुक्रवारचा बाजार आठवतो. तिथे हे घडलं म्हटल्यावर वर्ग गप्प होतो. मग 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा सांगते: संमतीशिवाय चाचणी नाही, परस्पर कुणाला सांगणं नाही, शाळेत भेदभाव नाही.

हा कायदा आधी आपल्याला लागू. दर महिन्याला एक दिवस गैरहजर राहणारं, बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, जाऊन आलेलं मूल तुमच्याही वर्गात असू शकतं. कारण विचारू नका, हजेरीपुस्तकात लिहू नका, 'आपल्या वर्गात कुणाला असेल का?' असा प्रश्न आला तर 'ते विचारायचं नसतं' एवढंच म्हणा आणि नजर कुणाकडेही वळू देऊ नका.

तास संपले तरी डबा काढू नका. ऑफिसबाहेर ठेवलात तर रिकामा राहील. आमचा वाचनालयात शब्दकोशांच्या मागे असतो, आणि सोमवारी मी तो घरी नेते.