या चुका टाळा : हिरवं कुंपण खालून उघडं का पडतं?

वर गच्च हिरवं आणि खाली गुडघाभर नुसत्या काटक्या. बेळगाव-शहापूरपासून निपाणीपर्यंत घरोघरच्या कुंपणाची तक्रार हीच. मग ते कुंतीचं असो, डुरांटाचं की मेंदीचं. लोक खत वाढवतात. दोष बहुतेकदा खताचा नसतो, छाटणीचा असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे माथा रुंद राहू देणं. वरची फूट जोमदार असते, ती बाहेर झुकते आणि खालच्या पानांवर सावली धरते. सावलीतली पानं गळतात, तिथले डोळेही फुटत नाहीत. म्हणून पायथा रुंद, माथा अरुंद. चार फूट उंचीच्या कुंपणाला पायथा अडीच फूट असेल तर माथा दीड फूटच ठेवा. नजरेवर विसंबू नका. दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून सुतळी ताणा. बाजू खालून वर कापत न्या, माथा शेवटी.

दुसरी चूक उंचीची घाई. नवी रोपं फूटभर अंतरावर लावली की ती रुजताच जमिनीपासून अर्ध्या फुटावर छाटायची. जीव होत नाही, पण याच छाटणीने बुडातून चार-पाच फांद्या निघतात. पुढे सहा इंच वाढ झाली की तीन इंच ठेवून बाकीची काढा. रोप सरळ चार फूट चढू दिलं, तर बूड नंतर भरत नाही.

वेळ गावाप्रमाणे बदलते. कडक छाटणीला वळीव पडून गेल्यावर, मृगाच्या तोंडावरचे दिवस उत्तम. खानापूरकडे जुलै-ऑगस्टच्या झडीत मात्र कात्री लावू नका. जखमा ओल्या राहतात, बुरशी शिरते आणि फांद्या शेंड्याकडून वाळत येतात. अथणी-रायबागकडे उलटी भीती. एप्रिलच्या उन्हात वरचं छप्पर काढलं की आतली कोवळी पानं दोन-तीन दिवसांत करपतात.

कात्री बोथट आहे का, हे पानच सांगतं. छाटल्यावर तीन-चार दिवसांनी जवळून बघा: धारदार कात्रीचा काप सरळ आणि बारीक वाळलेला दिसतो, बोथट कात्रीचा दोरे निघाल्यासारखा चिरफाळलेला, तपकिरी. अंगठ्याएवढी फांदी कुंपणाच्या कात्रीने दाबू नका, करवत घ्या. मोठ्या जखमेला बोर्डो पेस्ट लावा : 100 ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, मग दोन्ही एकत्र. भांडी प्लास्टिकची हवीत, लोखंडी नकोत. पेस्ट त्याच दिवशी संपवा.

कुंपण आधीच उघडं पडलं असेल तर उपटू नका. मृगात एक बाजू बुंध्याजवळपर्यंत छाटा, दुसरी पुढच्या वर्षी. मुळाशी दर तीन फुटांना एक घमेलं कुजलेलं शेणखत द्या. उजेड आत पोचला की जुन्या लाकडावर हिरवे ठिपके दिसू लागतात. तीच नवी फूट. कुंती, मेंदी निरोगी असतील तर सगळंच दीड फुटावर आणलं तरी चालतं, पण मरगळलेल्या झाडावर हा प्रयोग नको.

काळ्या जमिनीत नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर झाडाला लोह मिळत नाही. लिटरला 5 ग्रॅम फेरस सल्फेट घालून संध्याकाळी फवारा. जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर आधी मुळाशी पाणी साचतंय का पाहा आणि चर काढा. सोनेरी डुरांटात हिरवी फांदी दिसली तर शेंडा खुडून भागत नाही, ती जिथून फुटली तिथूनच काढा. ती जास्त जोमाने वाढून सोनेरी फांद्यांना झाकून टाकते. आणि लिंबाची झाडं असतील तिथे कुंतीचं कुंपण नकोच. लिंबावरची सिट्रस सायला ही कीड कुंतीवर मजेत वाढते.

पावसाळ्यात कात्री चालवण्याआधी फांद्या बाजूला सारून आत बघा. बुलबुलाचं किंवा शिंपी पक्ष्याचं घरटं असेल, तर पिल्लं उडेपर्यंत तेवढा हातभर भाग तसाच सोडा.