ड्रायर फिरत नाही? आधी कान लावा

सोलापुरात आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी एकदा येतं, आणि त्या दिवशी सगळं धुणं उरकायचं असतं. गेल्या उन्हाळ्यात नेमका अशाच दिवशी ड्रायर बसला. आमचं साधं सेमी ऑटोमॅटिक मशीन आहे, नऊ वर्षं वापरलेलं. एका बाजूला धुवायचं, दुसऱ्या बाजूला पिळायचं. आत भिजलेली सोलापुरी चादर, टायमर फिरवला तर नुसतं 'हूंऽऽ'. दुरुस्तीवाल्याने मशीन न उघडताच सांगितलं, "मावशी, मोटर गेली. अठराशे रुपये." मोटर धडधाकट होती. तुटली होती ती ब्रेकची तार.

तेव्हापासून शेजारपाजारच्या तीन-चार मशीनमध्ये हात घालून झालाय. ड्रायर बिघडला की मी आधी टायमर फिरवते आणि ऐकते. काय उघडायचं ते आवाजावरून ठरतं.

आवाजच नाही, अगदी शांत. धुण्याची बाजू चालते का बघा. चालत असेल तर वीज मशीनपर्यंत येतेय. मग संशय झाकणाच्या स्विचवर घ्यायचा. ड्रायरचं झाकण लावलं की त्याची मागची शेपटी बटणांच्या पॅनेलखालच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकवते, तेव्हा मोटरला वीज मिळते. पट्ट्यांवर गंज किंवा काजळी धरली, नाहीतर शेपटी झिजली, की सगळं गप्प. प्लग काढून पॅनेलचे स्क्रू सोडा, पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने घासा, वाकल्या असतील तर जराशा सरळ करा. स्विच कायमचा जोडून टाकू नका. उघड्या झाकणाने फिरणाऱ्या ड्रायरमध्ये पोराचा हात गेला तर काय होईल? मशीन खालून उघडं असेल तर उंदराने वायर कुरतडलीय का तेही बघा. समोरच्या वहिनींकडे तेच निघालं.

हूं करतो, पण फिरत नाही. बहुतेक मोटरी विनाकारण बदलल्या जातात त्या इथेच. प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. मशीन भिंतीपासून ओढून मागचं झाकण उघडा. ड्रायरच्या खाली मोटर दिसेल, तिच्या वर गोल ब्रेक, बाजूला स्प्रिंगची दांडी आणि दांडीला वरून आलेली तार. झाकण उघडं असताना ब्रेक लागलेला असतो, त्यामुळे टब हाताने फिरला नाही तर घाबरू नका. झाकण लावलं की तार दांडी ओढते आणि ब्रेक सुटतो. आता कुणाला तरी वरून झाकण उघडझाक करायला सांगा आणि तुम्ही मागून दांडीकडे बघत राहा. दांडी हलतच नसेल तर तार तुटली किंवा हुकातून निसटली. थोडीशीच हलत असेल तर तार सैल पडलीय. मग ड्रायर रडतखडत फिरतो आणि जळक्या रबराचा वास येतो. माझ्या तारेच्या टोकाच्या पट्टीला तीन भोकं आहेत. सैल तार एक भोक पुढे घेतली की काम होतं. माझी तर मधोमध तुटली होती. नवी चाळीस रुपयांना मिळाली, बसवायला दहा मिनिटं लागली, त्यातली सात हुक सापडण्यात गेली.

तार ठीक असेल तर दांडी हाताने ओढून धरा आणि टब फिरवून बघा. अडकत असेल तर खाली काहीतरी गेलंय. पिळताना वरची प्लॅस्टिकची चकती दाबून बसवली नाही की मोजा, रुमाल उडून दोन टबांच्या फटीत जातो. सायकलच्या तारेचा आकडा करून, टब हळूहळू उलटसुलट फिरवत तो वर काढायचा.

टब मोकळा फिरतोय आणि तरीही नुसतं हूं, तर कपॅसिटर गेला, म्हणजे वीज साठवून मोटरला फिरायला जोर देणारा भाग. आमच्या मशीनमध्ये एकाच डबीत दोन आहेत, धुण्याचा 10 मायक्रोफॅरडचा आणि पिळण्याचा 5 चा. जुन्यावर छापलेला आकडा बघून तेवढाच आणायचा, अंदाजाने मोठा नाही. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते. होल्डरमधल्या बल्बच्या दोन वायरी त्याच्या टोकांना लावून ती उतरवा, मगच हात लावा. वायरी सोडण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. हे जमणार नाही असं वाटलं तर इथे थांबून इलेक्ट्रिशियनला बोलवा, त्यात कमीपणा नाही.

फिरतो, पण हळू, कपडे ओलेच. आधी सांडपाण्याचा पाइप बघा. अशा मशीनमध्ये बहुधा पंप नसतो, पाणी उतारानेच जातं. मोरीच्या कठड्यावरून पाइप टाकलात तर पाणी बाहेरच्या टबात साचतं आणि आतला टब त्यात घासत फिरतो. दोन्ही बाजूंचं पाणी एकाच पाइपातून जातं, म्हणून ड्रायर चालू असताना धुण्याकडचं पाणी सोडू नका. पावडर जास्त पडली असेल तर फेसही असंच अडवतो. अशा वेळी कपडे साध्या पाण्यातून काढा आणि पुन्हा पिळा.

धाडधाड आपटतो. दहातल्या नऊ वेळा कपडे एका बाजूला बसलेले असतात. चादर एकटी टाकायची असेल तर गोळा करून कोंबू नका. लांब पट्टी घडी करून टबाच्या कडेने गोल गुंडाळत बसवा, मधे पोकळी ठेवा, वर चकती. एवढं करूनही आपटला तर मोटरखालच्या स्प्रिंगा बघा, एखादी तुटलेली असते.

मोटरवर वरून पाणी ठिबकताना दिसलं तर मात्र मी हात लावत नाही. ते टबाखालचं रबरी सील, त्यासाठी टब काढावा लागतो. पूर्वीच्याच दुरुस्तीवाल्याला बोलावते, पण पैसे ठरवायच्या आधी मागचं झाकण मीच उघडून ठेवते.