आधी टोकं, मग बाकीचं: कट्टा-कुंपणाला स्टेन मारण्याची तयारी

दसऱ्याच्या साफसफाईतच परसातला लाकडी कट्टा आणि कुंपण उरकून टाकू, असं मनात असेल तर थांबा. आमच्या खानापूर भागात परतीचा पाऊस दिवाळीपर्यंतही रेंगाळतो, आणि वरून वाळलेली फळी आतून ओलीच असते. तुळशीचं लग्न होऊ द्या. तिथून शिमग्यापर्यंतचे दिवस आपले. पुढे वळिवाचा नेम नाही.

यादीत सगळ्यात वर टोकं. फळीची कापलेली टोकं, खांबाचा माथा, खांबाचं बूड. मागच्या वेळी मी हीच विसरलो. कट्ट्याला २६ फळ्या, वरून स्टेनचे, म्हणजे लाकडात मुरणाऱ्या रंगाचे, दोन हात, दिसायला सुरेख. तिसऱ्या पावसाळ्यानंतर एक फळी पायाखाली दबली म्हणून तिच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर लावला, तर तो जोर न लावता दोन इंच आत गेला आणि बाहेर आला तो काळा, ओला भुसा घेऊन. त्याच फळीची वरची बाजू मात्र नव्यासारखी तपकिरी. मेस्त्री मामांनी वाकून बघितलं आणि एवढंच विचारलं, "टोकं तशीच सोडलासा व्हय?" ११ फळ्या बदलाव्या लागल्या. झाड उभं असताना ज्या बारीक नळ्यांतून पाणी वर चढतं, त्यांची तोंडं कापलेल्या टोकाला उघडी राहतात. सपाट बाजूपेक्षा तिथून पाणी कितीतरी जास्त ओढलं जातं. म्हणून टोकं मोजा. २६ फळ्या म्हणजे ५२ टोकं. प्रत्येकावर खडूची खूण करा, स्टेन लावायच्या आधी ती पुसा. एकही खूण उरता कामा नये.

सामान: ब्रश, बादली, हातमोजे, जुनी चादर. टोकांसाठी एक इंची ब्रश वेगळा घ्या, मोठा ब्रश तिथे पोचत नाही. दोन फळ्यांच्या फटीतली माती आणि कुजका पाला काढायला हॅक्सॉचं जुनं पातं पुरतं. फटी साफ केल्याशिवाय पुढे जाऊ नका, ओल तिथेच धरून राहते आणि टोकांकडे जाते.

शेवाळ साबणाच्या पाण्याने, ताठ केसांच्या ब्रशने घासा. लोखंडी तारेचा ब्रश नको. त्याचे कण सागवानात अडकले की काळे डाग पडतात. लोखंडी खिळ्यांभोवती पडतात तेही तसलेच. फळी उचकटलीच आहे तर स्टेनलेसचे स्क्रू घाला. प्रेशरची मशीन भाड्याने आणायचा मोह होतो, पण जवळून मारली तर लाकडाचे तंतू उभे राहतात. करडं पडलेलं लाकूड ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने उजळतं. हातमोजे आणि चष्मा घालूनच, आणि नंतर भरपूर पाण्याने धुवायचं. विहीर किंवा जनावरांचं पाणी जवळ असेल तर हे करूच नका.

मग वाळू द्या. कडक उन्हाचे तीन दिवस तरी. सकाळचं दव धरलं तर चार. पाण्याचे थेंब टाकून बघा: मुरले तर लाकूड घेणार, तसेच गोळा होऊन बसले तर जुना थर शिल्लक आहे, परत घासा. ८० नंबरचा पॉलिश पेपर, फार तर १२०. त्याहून बारीक केलंत तर लाकूड गुळगुळीत होतं आणि स्टेन पीत नाही.

डबा घेताना व्हार्निश घेऊ नका. आपल्याकडच्या पावसात आणि मार्चच्या उन्हात त्याचे पापुद्रे सुटतात आणि सगळं खरवडावं लागतं. आत मुरणारा, तेलाचा, रंग असलेला स्टेन घ्या. रंगहीन असेल तर ऊन अडत नाही, लाकूड पुन्हा करडं पडतं. गॅरेजातलं जळकं ऑईल फुकट मिळतं म्हणून कुंपणाला फासणारे बरेच आहेत. ते मातीत उतरतं, आणि पुढे त्यावर कुठलाच स्टेन धरत नाही. काजूच्या टरफलांचं तेल खांबाच्या बुडाला जुने लोक लावत आले आहेत आणि ते टिकतंही, पण अंगाला लागलं तर कातडी भाजते, मुलांना लांब ठेवा.

लावताना पुन्हा टोकं आधी. एकदा नाही, पिणं थांबेपर्यंत, दोनदा, तीनदा. फळी कापून बसवली की तो ताजा काप म्हणजे नवं टोक, तेही मोजा. खांबाला टेकलेली टोकं दिसत नाहीत, म्हणून स्क्रू काढून फळी सरकवा. कंटाळा येईल, तरी सरकवा. खांबाच्या माथ्याला उतार द्या किंवा पत्र्याची टोपी.

बाकी भराभर. दोन डबे असतील तर एकत्र ढवळा, नाहीतर छटा वेगळी येते. भर उन्हात नको. एक फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता. पंधरा-वीस मिनिटांनी न मुरलेला स्टेन पुसून घ्या, चिकट राहायला नको.

पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेलाच्या चिंध्या आपोआप तापून पेटतात. पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवा.

ब्रश टर्पेंटाइनमध्ये. दोन दिवस कट्ट्यावर पाय नको. उरलेला स्टेन घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, मृगाच्या आधी टोकांना आणखी एक हात द्यायला.