रंगीत लीडच्या पेन्सिली घेण्यापूर्वी

नोट्स काढण्यासाठी आणि पुस्तकातील मजकुरावर खुणा करण्यासाठी खोडता येणाऱ्या रंगीत लीडच्या मेकॅनिकल पेन्सिली घ्यायच्या असतील, तर दुकानात जाण्यापूर्वी ज्या वहीत आणि ज्या पुस्तकावर त्या चालवायच्या आहेत, ती दोन्ही पिशवीत घालावीत. पुस्तक नेणे शक्य नसेल तर तशाच कागदाचे एखादे पान तरी जवळ असावे. ही बाब सर्वांत आधी लिहीत आहे आणि पुढेही ती पुन्हा पुन्हा येणार आहे, कारण गेल्या वेळी माझ्याकडून नेमकी तीच राहून गेली. दुकानातील गुळगुळीत चिठोऱ्यावर लाल रेघ ओढली, लगेच खोडली, कागद स्वच्छ दिसला आणि आख्खा संच विकत घेतला. त्याच लाल लीडने वाचायला मागून आणलेल्या एका संदर्भग्रंथात पावसाळाभर खुणा केल्या आणि परत देण्यापूर्वी त्या खोडायला बसल्यावर प्रत्येक खुणेच्या जागी गुलाबी पट्टा उरला. जास्त घासल्यावर तेथील कागदाचे तंतू वर आले आणि छापील अक्षरेही फिकट झाली. पुस्तक दुसऱ्याचे होते, म्हणून ही गोष्ट अधिक लागली.

म्हणून तपासणी त्याच कागदावर करावी आणि खोडून पाहावे ते दुसऱ्या दिवशी. या दोन अटींपैकी एकही सोडू नये. ओढल्याबरोबर खोडलेली रेघ काहीच सिद्ध करत नाही. वापरातली रेघ मिटलेल्या पुस्तकात, वरच्या चार पुस्तकांच्या वजनाखाली दाबली जाते, पान उलटताना तिच्यावरून बोट फिरते आणि कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये तर कागदच सादळलेला असतो. सादळलेल्या कागदावर खोडरबर चालवला की रंग निघण्याआधी कागदाचा पापुद्रा निघतो. पानाच्या कोपऱ्यात प्रत्येक रंगाच्या तीन रेघा ओढाव्यात: एक हलक्या हाताची, एक नेहमीची आणि एक दाबून. पान पुस्तकात मिटून रात्रभर वजनाखाली ठेवावे, सकाळी खोडावे आणि मग पान खिडकीपाशी तिरके धरून पाहावे. रंग गेला तरी दाबून ओढलेल्या रेघेची खाच बहुधा दिसतेच आणि त्या खाचेत थोडा रंग अडकून राहतो. आपल्या हाताचा दाब किती असतो, हे यावरूनच कळते. ही परीक्षा रंगागणिक वेगळी करावी, कारण निळा स्वच्छ निघाला म्हणून लालही निघेल, असे मुळीच नाही.

दुकानदार अर्थातच रात्रभर थांबणार नाही. त्यावर उपाय एकच आहे: आधी एका रंगाची एकच डबी घ्यावी, शक्यतो लाल, आणि तिची परीक्षा झाल्यावर बाकीचे रंग घ्यावेत. संच कितीही देखणा असला तरी आधी संच घेऊ नये.

असे का होते, हे समजून घेतले तर निवड सोपी जाते. मेकॅनिकल पेन्सिलीची नेहमीची काळी लीड ही ग्रॅफाइट आणि राळेसारखा बांधणारा पदार्थ यांचे मिश्रण मोठ्या तापमानाला भाजून बनवतात. म्हणून ती इतकी बारीक असूनही टणक असते आणि तिचे कण कागदाच्या वरच्या थरावर बसतात. बहुतेक रंगद्रव्ये तेवढी उष्णता सोसत नाहीत. त्यामुळे सर्वसाधारण रंगीत लीडमध्ये रंगद्रव्य मेणासारख्या पदार्थांत बांधलेले असते. अशी लीड मऊ असते, लवकर तुटते आणि घासल्यावर मेण तापून रंग निघण्याऐवजी पसरतो. खोडता येणाऱ्या रंगीत लीडची घडण याच दोषांवर मात करण्यासाठी बदललेली असते, पण तीही ग्रॅफाइटइतकी निर्मळ खोडली जाईल, अशी अपेक्षा धरू नये. शिवाय बाजारात लाल आणि निळ्या अशा साध्या लीडही मिळतात, ज्या खोडण्यासाठी बनवलेल्याच नसतात. डबीवर ‘इरेझेबल’ हा शब्द छापलेला आहे की नाही, ते स्वतः वाचावे. दुकानदाराच्या ‘खोडतंय की’ या आश्वासनावर विसंबू नये.

यानंतर जाडी ठरवावी. लीडची जाडी आणि पेन्सिलीची जाडी एकच असली पाहिजे, हे सांगायला नको. मुद्दा आहे तो कामाचा. समासात बारीक अक्षरांत टिपा लिहायच्या असतील तर 0.5 मिलिमीटर बरी, पण रंगीत लीड मुळात मऊ असल्याने 0.5 वारंवार तुटते आणि दाबून लिहिणाऱ्यांची तीवर चिडचिड होते. अधोरेखन आणि लेखन ही दोन्ही कामे एकाच पेन्सिलीने करायची असतील तर 0.7 घ्यावी. ओळीवर हायलाइटरसारखी फिकट छटा भरायची असेल तर या दोन्ही निरुपयोगी आहेत. त्यासाठी 2 मिलिमीटर जाडीच्या लीडचा धारक घ्यावा, कारण जाड लीड आडवी धरून हलक्या हाताने फिरवली की छटा एकसारखी बसते आणि कागदावर खाच पडत नाही. खाच पडली नाही की खोडणेही सोपे जाते. नावेच हवी असतील तर पायलटची ‘कलर ईनो’ 0.7 मध्ये आठ रंगांत येते, युनीची ‘नॅनो डाया कलर’ 0.5 मध्ये आहे आणि पेंटेलच्या ‘मल्टी 8’ या एकाच धारकात 2 मिलिमीटरच्या आठ लीड बसतात. कोल्हापुरात राजारामपुरीत किंवा महाद्वार रोडवर काळी 0.5 आणि 0.7 लीड मागाल तेव्हा मिळते. रंगीत लीडचे तसे नाही. म्हणून पेन्सिल घेण्यापूर्वी तिची सुटी लीड पुढेही मिळत राहील का, हे विचारून घ्यावे. लीड संपल्यावर उरणारी रिकामी पेन्सिल कोणाच्याही उपयोगाची नसते.

मागवून घेणार असाल तर पुन्हा तेच सांगतो: आधी एक रंग, त्याच कागदावर, दुसऱ्या दिवशी.

पेन्सिलीच्या यंत्रणेबद्दल थोडेसे. रंगीत लीड तोंडाशी असलेल्या बारीक जबड्यात चिरडली जाते आणि तिचा भुगा आत साचतो, म्हणून तोंडाचा भाग हाताने उघडून साफ करता येईल, अशीच पेन्सिल घ्यावी. ज्या पेन्सिलीत आधी काळी लीड होती, तिच्यात रंगीत लीड घालू नये; काळा भुगा रंगात मिसळतो आणि पिवळ्या रेघेच्या कडेला मळकट झाक येते. लीड एका दाबापुरतीच बाहेर काढावी. प्रत्येक वेळी पेन्सिल उचलून टेकवली की लीड किंचित फिरवणाऱ्या पेन्सिली मिळतात. सुटी अक्षरे लिहिताना त्या उत्तम काम करतात, परंतु शिरोरेषा किंवा ओळभर अधोरेखन ओढताना पेन्सिल मध्ये उचलली जात नाही, लीड फिरत नाही आणि एका बाजूने घासून तिला छिन्नीसारखी धार येते. ती धार मऊ कागदात रुतते. देवनागरीत लिहिणाऱ्याने आणि रेघा ओढणाऱ्याने त्या यंत्रणेसाठी वेगळे पैसे मोजण्यापेक्षा दर ओळीनंतर पेन्सिल बोटांत थोडी फिरवण्याची सवय लावून घ्यावी.

खोडरबर हा या खरेदीचाच भाग आहे, पण लोक तो गृहीत धरतात. पेन्सिलीच्या मागे बसवलेला रबर आणीबाणीपुरता असतो. शाईसाठीचा खरखरीत रबर जवळही आणू नये, कारण तो रंग काढत नाही, कागद काढतो. मऊ, पांढरा प्लॅस्टिक खोडरबर घ्यावा, तो स्वच्छ असावा आणि त्याने एकाच दिशेने, छोट्या फटक्यांत, हलक्या हाताने खोडावे. पुढेमागे घासले की उष्णता वाढते आणि रंग पसरतो. रबराच्या टोकाला मागच्या वेळचा रंग लागलेला असेल तर आधी तो रद्दी कागदावर घासून काढावा. आणि परीक्षा घ्यायची ती याच रबराने, आपल्या पिशवीत रोज राहणार असलेल्या रबराने. दुकानातल्या नव्या कोऱ्या रबराने त्यांच्याच चिठोऱ्यावर जे होते, ते अभ्यासिकेतल्या टेबलावर होत नाही. एक बारकावा असा की, असा रबर त्याच्या कागदी वेष्टनातच ठेवावा. उघडा रबर प्लॅस्टिकच्या पट्टीला किंवा पेन्सिलीला महिनोन् महिने टेकून राहिला तर त्यातील मऊपणा आणणारी द्रव्ये पाझरतात आणि रबर त्या वस्तूला चिकटून बसतो.

खाली कोणती अक्षरे आहेत, हेही पाहावे. झेरॉक्स किंवा लेझर छपाईवर रंगीत लीड चालते. बॉलपेनचे अक्षर बहुधा टिकते. जेलपेनचे अक्षर मात्र रंग खोडताना फिके पडते आणि काळ्या पेन्सिलीने लिहिलेले तर रंगासोबत पूर्ण जाते. ज्यांच्या नोट्स पेन्सिलीत आहेत, त्यांनी अक्षरांवर छटा भरूच नये; समासात उभी रेघ ओढावी.

रंग तीन किंवा फार तर चार पुरेत. ते ठरवताना झेरॉक्सचा विचार करावा, कारण आपल्याकडे परीक्षेच्या तोंडावर नोट्स हातोहात फिरतात आणि त्यांच्या काळ्या-पांढऱ्या प्रती निघतात. लाल रेघ प्रतीत गडद उमटते, फिकट निळी आणि पिवळी जवळजवळ नाहीशी होते. छपाईच्या कामात पूर्वी मांडणीच्या खुणा फिकट निळ्या रंगात करत, त्याचे कारण हेच होते की तो रंग छायाचित्राच्या फिल्मवर उमटत नसे. ज्या खुणा फक्त स्वतःसाठी आहेत त्या फिकट निळ्यात आणि ज्या प्रतीत जायला हव्यात त्या लाल किंवा हिरव्यात, एवढी विभागणी पुष्कळ होते. पिवळी लीड बारीक रेघेसाठी घेऊ नये. अभ्यासिकेतील पिवळ्या दिव्याखाली ती दिसतच नाही. गुलाबी आणि लाल एकत्र घेतल्यास महिन्याभराने दोन्ही सारख्याच वाटू लागतात. लाल तर सर्वांत उपयोगी आणि खोडायला सर्वांत चिवट रंग आहे, म्हणूनच परीक्षा त्याच्यापासून सुरू करावी, त्याच कागदावर, दुसऱ्या दिवशी.

काही जण या सर्वाला पर्याय म्हणून खोडता येणारी शाईची पेने सुचवतात. ती वेगळी वस्तू आहे. पायलटच्या ‘फ्रिक्सन’सारख्या पेनांची शाई घर्षणाच्या उष्णतेने, म्हणजे साधारण 60 अंश सेल्सियसपलीकडे, रंगहीन होते, ती कागदावरून निघत नाही, फक्त दिसेनाशी होते. एप्रिलमध्ये उन्हात लावलेल्या बंद गाडीत किंवा दुचाकीच्या डिकीत अशी वही ठेवणे धोक्याचे आहे, पान लॅमिनेट केले तर मजकूर जातो आणि लेझर प्रिंटरमधून ते पान पुन्हा काढले तरी जातो. वर्षभर जपायच्या नोट्ससाठी त्यावर भिस्त ठेवू नये. रंगीत लीडला उन्हाचे असे तत्काळ भय नाही, हा तिचा मोठा गुण आहे. साध्या हायलाइटरबद्दल बोलायचे तर पातळ कागदावर त्याची शाई मागच्या पानावर उतरते आणि ती खोडता येत नाही. विषय तेथेच संपतो.

ग्रंथालयाच्या पुस्तकांवर खुणा करू नयेत, खोडता येणाऱ्याही नाहीत. कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या 1850 पासून चालत आलेल्या ग्रंथालयात जुने, ठिसूळ कागद आहेत आणि त्यांवर कोणताही रबर चालवणे म्हणजे पान फाडणेच आहे. तेथे कागदी पट्ट्या घालाव्यात आणि टिपण वहीत करावे. दुसऱ्याकडून आणलेल्या पुस्तकालाही हाच नियम लावावा. मालकाने परवानगी दिली असली तरी आधी शेवटच्या कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात एक रेघ ओढावी, रात्र जाऊ द्यावी आणि मगच ठरवावे.

बाकीचे थोडक्यात. लीडची डबी कडक असावी. रंगीत लीड पिशवीत आपटून आतल्या आत तुटते. पेन्सिल खिशात ठेवताना लीड आत ओढून घ्यावी. पावसाळ्यात वह्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवाव्यात आणि ओलसर पानावर काहीही खोडू नये, आधी पान पंख्याखाली वाळवावे. कोणता रंग कशासाठी, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. एक जादा रबर बरोबर असू द्यावा. नव्या वहीचा किंवा नव्या पुस्तकाचा कागद वेगळा असेल तर जुनी परीक्षा तिथे लागू पडत नाही. कोपऱ्यात पुन्हा तीन रेघा ओढाव्यात आणि सकाळी खोडून पाहाव्यात.