हेडचं काम काढलंय? वॉल्व्ह सील सगळ्यात शेवटी घ्या

इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचं झाकण, ज्यात वॉल्व्ह बसतात) खाली उतरलं की वॉल्व्ह सील, म्हणजे वॉल्व्हच्या दांडीवरून खाली जाणारं तेल आवरणाऱ्या रबरी टोप्या, नवीन टाकायचे हे कुणाला सांगायला लागत नाही, पण कोणते टाकायचे हे बहुतेक वेळा गॅस्केट किटच ठरवतं, म्हणजे पाकिटात जे निघाले ते ठोकले आणि झालं. कधी चालून जातं, कधी थोड्याच दिवसात गाडी परत निळा धूर मारायला लागते आणि मग सील बनवणाऱ्या कंपनीला शिव्या. माझं म्हणणं एवढंच की आधी गाईडचा, म्हणजे ज्या नळीत वॉल्व्हची दांडी वरखाली होते तिचा, निकाल लावा, सीलची खरेदी त्यानंतर.

तेल नक्की कुठून जातंय ते आधी बघून घ्या. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी स्टार्ट करताच एक निळा झोत टाकून साफ होत असेल, किंवा खंबाटकी घाट गिअरमध्ये उतरून खाली आल्यावर पाय दाबला की मागे ढग निघत असेल, तर सील नाहीतर गाईड. उतारावर थ्रॉटल बंद असतो, मॅनिफोल्डमध्ये (इंजिनाला हवा पुरवणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्युम जोरात तयार होतो आणि तो इनटेकच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वॉल्व्हच्या, गाईडमधून तेल खेचतो. याउलट चढावर लोड देताना सतत धूर असेल तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरच्या बोअरकडे बघा, तिथे नुसतं हेड करून काही फरक पडणार नाही. आणि कॉम्प्रेशनचे (सिलिंडरमधल्या दाबाचे) आकडे छान आले म्हणजे सील चांगले असं अजिबात नाही, त्या टेस्टमध्ये सील दिसतच नाही.

आता गाईड. वॉल्व्ह थोडा वर उचलून आडवा हलवून बघा, खटखट जाणवत असेल तर सील कितीही महागाचं घ्या, त्याचा ओठ (दांडीला टेकणारी कड) दांडीबरोबर डावीकडे उजवीकडे ताणला जाऊन लवकरच लंबगोल होणार. नीट मोजायचं तर दांडी वर, मध्ये आणि खाली मायक्रोमीटरने मोजा, व्हर्नियर इथे उपयोगाचा नाही. छोट्या पेट्रोल इंजिनात इनटेकला दांडी आणि गाईडमध्ये साधारण ०.०२ ते ०.०५ मिमी गाळा (मोकळी जागा) असतो, एक्झॉस्टला थोडा जास्त, पक्का आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरा. गाळा ०.१ च्या आसपास पोचला असेल तर गाईड बदला.

लेथवाल्याकडून नवीन गाईड बसवून आणलं तर दोन गोष्टी तिथेच उभं राहून बघा. एक, गाईड हेडच्या वर किती निघालंय, जुनं होतं तेवढंच पाहिजे, कारण वर राहिलं तर वॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगवरचा कप सीलवर आदळतो. पूर्ण लिफ्टला कप आणि सीलमध्ये दीड मिमी तरी मोकळी जागा लागते. दुसरं, गाईडच्या डोक्यावर सील अडकायची जी खाच किंवा कड असते ती कंपनीसारखीच आहे का, कारण लोकल गाईडला कधीकधी ती नसतेच आणि मग सील वॉल्व्हबरोबर वर चढून निघून येतं.

एवढं झालं की दुकानात जा, पण नुसतं गाडीचं नाव सांगू नका. मारुती ८०० चंच घ्या, त्याच नावाने ६ वॉल्व्हचं हेडही आलं आणि १२ वॉल्व्हचंही, त्यामुळे "८०० चे सील द्या" म्हटल्यावर काय हातात पडेल सांगता येत नाही. जुनं सील खिशात ठेवा, दांडीची जाडी, गाईडच्या डोक्याचा बाहेरचा व्यास आणि सीलची उंची लिहून न्या. इनटेक आणि एक्झॉस्टचे सील वेगळे असतील तर अदलाबदल करायची नाही. काही इंजिनात सील आणि स्प्रिंगखालची चकती एकच पीस असते, तिथे साधं सील टाकलं तर स्प्रिंग सरळ हेडचं ॲल्युमिनियम खाते.

मटेरियलमध्ये नायट्राईल सगळ्यात स्वस्त, पण १००-१२० डिग्रीच्या वर जास्त वेळ राहिलं की कडक होतं. पॉलीॲक्रिलेट १५० पर्यंत बरं, व्हायटन २०० पर्यंत आरामात जातं. सेटमागे जो काही फरक पडतो तो हेड परत उतरवायच्या मजुरीपुढे काहीच नाही, म्हणून मी तरी निदान एक्झॉस्टला व्हायटनच सांगीन. फक्त रंगावरून ओळखू नका, हिरवा किंवा चॉकलेटी म्हणजे व्हायटन असा काही नियम नाही, पार्ट नंबर बघा. टेफ्लॉनचे रेसवाले सील रोजच्या गाडीला नकोत, ते दांडी इतकी पुसून काढतात की गाईड कोरडं पडतं, आणि गाईडला थोडंही तेल लागतंच, सीलचं काम तेल मोजून सोडायचं आहे, बंद करायचं नाही. टर्बो असेल तर टर्बोवाल्याच इंजिनाचं सील घ्या, तिथे पोर्टमधल्या दाबालाही तोंड द्यायचं असतं.

बसवताना सीट कटिंग, लॅपिंग (वॉल्व्ह पेस्टने सीटवर घासून बसवणं) सगळं उरकून हेड धुऊन घ्या, लॅपिंग पेस्टचा कण राहिला तर नवीन ओठ गेलाच. खालची चकती आधी, सील नंतर, हा क्रम चुकला की सील परत काढायचं आणि काढलेलं सील फेकायचं. दांडीला इंजिन ऑइल लावा, दांडीच्या टोकाला लॉक बसतात त्या खाचांवर प्लास्टिकची टोपी चढवा, नसेल तर पातळ सेलोटेप गुंडाळा, त्या धारेवरच ओठ कापला जातो. मापाच्या डीप सॉकेटने सरळ दाबा, हातोडीने ठोकू नका. गाईडवर शेलॅक, सिलिकॉन काही लावायचं नाही.

जोडणी झाल्यावर पहिल्या दिवशी धूर दिसला तर घाबरू नका, सायलेन्सरमध्ये साठलेलं जुनं तेल जळतंय. थोडी गाडी फिरवा, रात्रभर उभी ठेवा आणि सकाळच्या पहिल्या स्टार्टला मागे कुणालातरी उभं करून बघायला सांगा.