या चुका टाळा : बॅकअप आहे, पण आधी उठवायचं काय?

अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या रस्त्यात, पाणी भरलं की बडोद्यातल्या निम्म्या शेठलोकांना माझी आठवण होते. फोनवर एकच प्रश्न, "बॅकअप तो छे ने?" छे. बॅकअप सगळ्यांकडे असतो. आधी काय उठवायचं, याची यादी कुणाकडे नसते.

माझ्याकडे होती, आणि ती चुकीची होती. 31 जुलै 2019 ला शहरात एका दिवसात जवळजवळ 20 इंच पाऊस पडला, तेव्हा मी एका कारखान्याचं नेटवर्क सांभाळत होतो. तीन इमारती, दीडशे माणसं, सर्व्हर तळमजल्यावर. बॅकअपचा क्रम मी दोन गोष्टींवरून लावला होता : फाइल किती मोठी आणि साहेब किती ओरडतो. म्हणून सगळ्यात वर 2 टीबी ड्रॉइंग, मग टॅली, मग वरच्या साहेबांची मेल. डोमेन कंट्रोलर, म्हणजे कोण आत येऊ शकतं आणि कुणाला काय उघडता येतं हे ठरवणारा सर्व्हर, यादीत नव्हताच. त्यात कसला आलाय डेटा!

पाणी ओसरलं, भाड्याचे सर्व्हर आले. शेठच्या घरी तिसऱ्या मजल्यावर ठेवलेल्या डिस्कवरून ड्रॉइंग दोन दिवसांत परत आली. उघडेना एकही. नव्या डोमेनमध्ये त्याच नावांची खाती केली, तरी विंडोजच्या लेखी ती परकी माणसं. परवानग्यांच्या रकान्यात नावांऐवजी एस-1-5-21 ने सुरू होणारे लांबलचक आकडे, म्हणजे जुन्या खात्यांचे ओळखक्रमांक. डिस्पॅचचं सॉफ्टवेअर जुन्या सर्व्हरला नावाने हाका मारत बसलेलं. सगळं नेटवर्क जोडणाऱ्या कोअर स्विचमधले व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे पाडलेले वेगवेगळे कप्पे) मी आठवून आठवून भरले. दोन चुकले, आणि वजनकाटा नेमका त्यातल्याच एकावर. गाड्या गेटवर उभ्या. काम सुरू झालं आठव्या दिवशी. स्विचच्या सेटिंगच्या ज्या फाइलपायी हे झालं ती काही केबींची असते.

ही चूक माझ्यासारख्या एकट्या माणसाचीच असते असं नाही. जून 2017 मध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचं नेटवर्क झोपवलं. त्यांचे दीडशेच्या आसपास डोमेन कंट्रोलर एकमेकांची नक्कल ठेवत होते, म्हणून वेगळा बॅकअप कुणी ठेवला नव्हता. सगळे एकदम पुसले गेले. वाचला तो घानामधला एक, कारण तेव्हा तिथे वीज गेली होती. आपल्याकडे वीज गेली म्हणून शिव्या देतो, तिथे तिनेच कंपनी वाचवली.

तेव्हापासून मी प्रत्येक यंत्रापुढे एकच प्रश्न लिहितो : हे नसेल तर आणखी काय काय अडेल? जास्त अडवणारं वर. माझ्याकडे क्रम बहुधा असा येतो : स्विच आणि फायरवॉल, मग डोमेन, डीएनएस (यंत्राच्या नावावरून पत्ता सांगणारा), डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटणारा), मग खुद्द बॅकअपचा सर्व्हर, मग डेटाबेस, मग फाइली. जुनी मेल आणि सीसीटीव्ही शेवटी, साहेब कितीही ओरडोत. किती तासांचं काम पुन्हा करायची तयारी आहे, हे मात्र मी त्या त्या विभागालाच विचारतो. माल पाठवल्याच्या चलनाच्या कागदी प्रती असतील तर दिवस गेला तरी भरून काढता येतो. ऑनलाइन ऑर्डरीचा तास गेला की गेला.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक : बॅकअप झाल्याची हिरवी टिक दिसली की घरी जाणारी पोरं. व्हिडिओ बघून नेक्स्ट-नेक्स्ट दाबतात आणि रिस्टोअर कधी करून बघितला विचारलं की छताकडे बघतात. अरे, 2 टीबी शंभर एमबीपीएसच्या लाइनीवरून उतरवायला लाइन पूर्ण भरून चालली तरी 44 तास लागतात! हा हिशेब शेठला आज सांगा, बुडाल्यावर नको. प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीत 31 जानेवारी 2017 ला चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला. रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरची आवृत्ती न जुळल्यामुळे होतच नव्हता, आणि तो फसल्याच्या मेल पोचत नव्हत्या. एका माणसाने सहा तास आधी सहज हाताने घेतलेली प्रत होती, तीवर निभावलं. मी महिन्याच्या पहिल्या शनिवारी जेवण झाल्यावर कुठल्याही तीन फाइली परत आणून उघडतो, आणि तीन महिन्यांतून एकदा अख्खा सर्व्हर, नेटवर्कपासून तोडलेल्या जुन्या डब्यावर. कंटाळवाणं आहे. शॉर्टकट मला तरी सापडलेला नाही.

बाकीच्या झटपट :

रेड, म्हणजे एक डिस्क बिघडली तरी चालत राहणारी डिस्कांची जोडणी, हा बॅकअप नव्हे. व्हीएमचा (सॉफ्टवेअरमधल्या आभासी सर्व्हरचा) स्नॅपशॉटही नव्हे.

बॅकअपचा सर्व्हर डोमेनमध्ये जोडू नका. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरच्या हाती डोमेन अॅडमिनचं, म्हणजे सगळे अधिकार असलेलं, खातं लागलं की तो आधी तिथेच जातो.

डोमेनचा बॅकअप ताजा ठेवा. नेहमीच्या सेटिंगमध्ये 180 दिवसांपेक्षा जुना कामाला येत नाही. आणि डीएसआरएमचा, म्हणजे डोमेन कंट्रोलर दुरुस्तीसाठी उघडायचा, पासवर्ड? आत्ता आठवून बघा.

पासवर्ड, आयपी आणि उठवण्याचा क्रम कागदावर छापून घरी ठेवा. सर्व्हरवरची एक्सेल सर्व्हरबरोबरच बुडते.

सर्व्हर तळमजल्यावर नको. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी पुन्हा शहरात शिरली, तेव्हा त्या कारखान्याचे सर्व्हर दुसऱ्या मजल्यावर कोरडे होते. यूपीएस मात्र खालीच राहिला होता. जड आहे, जिन्यावरून कोण चढवणार!