सर्वसाधारण सभेत एकट्याने विरोध कसा नोंदवावा

गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात 'सर्वानुमते मंजूर' असे लिहिले जाते, तेव्हा त्या एकमतात बरेचसे मौनही जमा धरलेले असते. लिफ्टमध्ये आणि पार्किंगमध्ये महिनाभर कुरकुरणारी मंडळी चेअरमननी 'कोणाची हरकत?' असे विचारताच मोबाइलमध्ये डोके खुपसतात. हा भित्रेपणा आहे असे मानून स्वतःला दोष देत बसण्यात अर्थ नाही. 1950च्या दशकात सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत केलेल्या प्रयोगांत सहभागी व्यक्तीला केवळ रेषांची लांबी ताडून पाहायची होती, पण गटातील बाकीचे सगळे आधी ठरवल्याप्रमाणे एकच चुकीचे उत्तर देत. ज्या फेऱ्यांत हे घडले, त्यांतील सुमारे एक तृतीयांश उत्तरे बहुमताच्या चुकीमागे गेली. मात्र गटात खरे उत्तर देणारा एकच जोडीदार बसवला की हे प्रमाण झपाट्याने खाली येई.

म्हणून पहिले काम सभेच्या आधीचे आहे: आपल्याशी सहमत असलेला एक सभासद शोधावा. सगळी इमारत पालथी घालू नये. त्यातून गट पडतात आणि मूळ मुद्दा मागे राहतो. वार्षिक सभेची नोटीस आदर्श उपविधींनुसार (महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांसाठीच्या नमुना नियमावलीनुसार) 14 दिवस आधी मिळते, ते दिवस यासाठी आणि कागद वाचण्यासाठी वापरावेत. विषयपत्रिकेवर गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा खर्च असेल, तर आलेली कोटेशने सेक्रेटरींकडे पाहायला मागावीत, आणि पैसे कोणत्या निधीतून जाणार आहेत हे खजिनदारांना विचारावे. दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंडासाठी (इमारतीच्या पुनर्बांधणीसारख्या मोठ्या कामांसाठी राखून ठेवलेल्या निधीसाठी) किमान 0.25 टक्के वार्षिक वर्गणी आदर्श उपविधींत सांगितलेली आहे. हे दोन निधी वेगळे आहेत एवढे ठाऊक असले, तरी प्रश्न नेमका विचारता येतो. अनेकदा उत्तर समाधानकारक मिळते आणि विरोधाची गरजच उरत नाही, तीही कमाईच आहे.

त्यानंतर स्वतःची हरकत दोन-तीन वाक्यांत लिहून काढावी. मी पहिल्यांदा विरोध केला तो पंधरा मिनिटे बोलून. कंत्राटदाराची निवड, गेल्या वर्षीचा रंग, पाण्याचा पंप असे सगळे एका दमात काढले, आणि मी खाली बसेपर्यंत चर्चेचा विषय गच्ची नसून माझा स्वभाव झाला होता. तेव्हापासून मी एका विषयावर एकच हरकत आणि तिच्यासोबत एक पर्याय, असा दंडक पाळतो. 'हे काम नको' असे म्हणण्यापेक्षा 'आणखी दोन कोटेशने मागवून एका महिन्यात विशेष सभेपुढे ठेवावीत' अशी उपसूचना मांडली, तर इतरांना हो किंवा नाही म्हणण्यासाठी काहीतरी हाती मिळते. उपसूचनेला अनुमोदक लागला, तर आधी शोधलेला सभासद तिथे उपयोगी पडतो.

ऐन वेळी हात वर होत नाही, ही बहुतेकांची अडचण असते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी अभ्यासलेली 'जर–तर' योजना इथे कामी येते. 'या वेळी बोलायचेच' असा मोघम निश्चय करण्याऐवजी 'विषय क्रमांक 5 वाचून झाला की मी लगेच उभा राहीन' असा प्रसंगाला बांधलेला निश्चय करावा. मग त्या क्षणी पुन्हा विचार करण्याचे ओझे उरत नाही. (आणि वडे येण्याच्या आत बोलावे. वड्यांनंतर सभा कोणाचेही ऐकत नाही.)

बोलताना आवाज चढला नाही आणि भूमिका बदलली नाही, तर अल्पमताचाही परिणाम होतो. सामाजिक मानसशास्त्रज्ञ सर्ज मोस्कोविसी यांनी 1969 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहा जणांच्या गटातील दोघे निळ्या रंगाला सातत्याने 'हिरवा' म्हणत राहिले, तेव्हा इतरांच्या उत्तरांपैकी सुमारे 8 टक्के त्यांच्या बाजूला आली. तेच दोघे अधूनमधून मत बदलू लागताच हे प्रमाण 1 टक्क्याच्या आसपास उरले. आकडा लहान आहे, आणि त्यावरून एका सभेत ठराव फिरेल अशी आशा धरणे भाबडेपणाचे ठरेल.

उमेद टिकण्याचा प्रश्न इथेच येतो. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीनुसार आतून येणारी प्रेरणा तीन गरजांवर पोसली जाते: निर्णय आपला असणे, काम आपल्याला जमते असे वाटणे आणि माणसांशी नाते असणे. 'ठराव पाडायचा' हे उद्दिष्ट ठेवले, तर यश पूर्णपणे दुसऱ्यांच्या हातात जाते आणि दोन पराभवांत माणूस सभेला जाणेच सोडतो. 'हरकत नीट मांडायची आणि इतिवृत्तात नोंदवून घ्यायची' हे उद्दिष्ट आपल्या आवाक्यातले आहे. ताळेबंद दरवर्षी थोडा अधिक कळू लागतो, ही दुसरी गरज. तिसरीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते: ज्यांच्या विरोधात बोललो, त्या सेक्रेटरींना दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्यावर नेहमीसारखे 'काय म्हणता काका' म्हणावे, आणि ठराव मंजूर झालेलाच असेल तर कामाच्या देखरेखीला एखादा रविवार द्यावा. विनामोबदला संस्था चालवणाऱ्या माणसाला विरोध म्हणजे कृतघ्नता वाटते. ती गैरसमजूत भाषणाने जात नाही.

तुम्ही व्यवस्थापक समितीचे सदस्य असाल, तर लेखी नोंदीचे महत्त्व अधिकच आहे. महाराष्ट्राच्या 1960च्या सहकारी संस्था अधिनियमानुसार समितीच्या निर्णयांची जबाबदारी सदस्यांवर संयुक्तपणे आणि व्यक्तिशः येते. तेव्हा समितीच्या बैठकीत तोंडी नापसंती दाखवून थांबू नये, असहमती कारणासह लिहवून घ्यावी आणि तिची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी.

पुढच्या सभेत पहिला विषय बहुधा मागील इतिवृत्त वाचून कायम करण्याचा असतो, आणि तो अर्ध्या मिनिटात उरकला जातो. त्या अर्ध्या मिनिटात आपली हरकत त्यात आहे का ते पाहावे, नसेल तर तिथेच दुरुस्ती सुचवावी, आणि मगच हात वर करावा.